सहाचा ठिपका

वाघदरी पाडा, ता. सुरगाणा
६ डिसेंबर २०२४

प्रिय उजू,

तुला फोनवर गाठायचं म्हणजे मी रेंजसाठी टेकडी चढायची आणि तू 'ड्यूटीवर आहे गं, नंतर बोलू' म्हणून ठेवून द्यायचं. म्हणून आता सरळ पत्र लिहितेय, होस्टेलच्या सुट्ट्यांत लिहायचो तसं. हसू नकोस.

पूजाच्या केसपेपरच्या झेरॉक्स मिळाल्या. तुमच्या हॉस्पिटलातून महिना लागतो म्हणतात, तू आठ दिवसांत काढून दिल्यास. सव्वीस वर्षांच्या पोरीचं वय मृत्यूच्या दाखल्यावर छप्पन पडलं होतं, ते आता सुधारून मिळेल आणि जूनमध्ये तिच्या लेकीचं नाव आमच्या आश्रमशाळेत घालताना कुणी आडकाठी करणार नाही. पत्र खरं तर एवढ्यावर संपायला हवं होतं.

झालं असं, की पूजाचा बाप, आमचा पुंजाबाबा, कागद आल्याचं ऐकून घरी आला. माझ्या वडिलांचा चुलतभाऊ लागतो. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "काय लिवलंय त्यात?" मी म्हटलं, वयाचं काम आहे. तो म्हणाला, "नाय, सगळं वाच. पोरगी पिंपळगावला टमाट्याच्या तोडणीला गेली, तापली, नाशकाला नेली आन गेली. मधलं काय झालं ते मला अजून कोणी सांगितलं नाय."

मी वाचलं. हजेरी घेतल्यासारखं एकामागून एक वाचत गेले. तेरा ऑगस्ट, दुपारी दोन, ताप १०१, नाडी ११२. संध्याकाळी सहा, ताप १००, नाडी १०८. त्याने हात वर केला.

"किती वाजता?"

"सहा."

"आन गेली कवा?"

मागच्या पानावर डॉक्टरांनी चार वाजून वीस मिनिटं लिहिली आहेत. ते मी वाचलं तेव्हा कुठे मला कळलं मी काय वाचून बसले ते.

उजू, पाच वाजता त्यांनी तिला जीपमध्ये घातलं होतं. सहाला वणी मागे पडली होती. तिचं डोकं बाबाच्या मांडीवर होतं आणि हात त्याच्या हातात. वणीच्या पुढे तिचं बोट हललं, असं तो म्हणतो. त्याने बायकोला, चिमणाबाईला, सांगितलंही होतं, पण ती म्हणाली, रस्ता खराब हाय, गप बसा. आमच्याकडे जाळतात, पण त्या दिवशी लाकडं चिंब ओली होती. जीप पोचली, पाऊस जरा थांबला, तेवढ्यात पुरून मोकळे झाले.

आता तो मला विचारतोय, "ती जित्ती व्हती का गं?" मी काय सांगू त्याला? लवकर लिही.

तुझी,
ज्योत्स्ना

*

इंदिरानगर, नाशिक
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

आधी तुलाच बोलणार आहे. म्हाताऱ्या माणसाला केसपेपर वाचून दाखवायचा असतो का? आमच्याकडे नातेवाइकांच्या हातात फाइल देत नाहीत ती याचसाठी. तू मास्तरीण आहेस, दिसलं की वाचायचं हीच तुझी खोड.

आता नीट ऐक. वॉर्डात चाळीस कॉट आणि दोन सिस्टर असतात. ऑगस्टमध्ये डेंग्यूचे पेशंट खाली गाद्या टाकून ठेवले होते. अशा गर्दीत एका पेशंटचं दुसऱ्याच्या चार्टवर पडतं, ते पडू नये म्हणून तर मला वॉर्डातून काढून रेकॉर्डला बसवलंय. नव्या मुलींना मीच शिकवते, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. मागच्या वर्षी उत्कृष्ट नोंदींचं प्रशस्तिपत्र मला मिळालं, ते तुला फोनवर सांगितलं होतं.

पूजा चार वीसलाच गेली. डॉक्टरांनी ईसीजी काढला होता, त्याची सरळ रेघेची पट्टी फाइलला लावलेली आहे. ती झेरॉक्समध्ये नीट उमटली नसेल. बाबांना सांग, पट्टी खोटं बोलत नाही. सहाची नोंद शेजारच्या कॉटची असणार, म्हणून तो विषय तिथेच सोडून दे.

तुझ्या नागलीच्या पापडांची वाट बघतेय.

उज्वला

*

वाघदरी पाडा
२० डिसेंबर २०२४

प्रिय उजू,

पट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, "तो बी कागदच ना. एक कागद म्हनतो मेली, एक म्हनतो जित्ती. कोन्या कागदाचं खरं धरू?"  तुला याचं उत्तर येत असेल तर लिही.

शेजारच्या कॉटची नोंद म्हणतेस, पण पानावर पूजाचं नाव आहे, कॉट नंबर चौदा आहे. तापाच्या आलेखात दोनचा ठिपका आणि सहाचा ठिपका यांना जोडणारी रेघसुद्धा आहे. फूटपट्टी लावून ओढावी तशी सरळ. दुसऱ्या कुणाचं चुकून लिहिलं तर रेघ कशाला जोडली?

रोज संध्याकाळी सहाला तो ओढ्याकडच्या मोहाच्या झाडाखाली जातो, जिथे तिला ठेवलंय तिथे. आधी मला वाटलं बसायला जातो. परवा शाळा सुटल्यावर मी मागे गेले. उजू, तो जमिनीला कान लावून पडला होता. मला बघून उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "काय नाय ऐकू येत." 

आता म्हणतो, उकरून बघणार. सरळ झोपलेली असली तर मेलेली ठेवली, कुशीवर वळलेली असली तर जिती ठेवली, असा त्याचा हिशेब आहे. चिमणाबाईने कुदळ लपवली, तर तो शेजारच्या चंदरकडून मागून घेऊन आला. पोलीस पाटलाने दरडावलं तेव्हा म्हणाला, माझी लेक हाय, मी उकरीन. पौषी पौर्णिमेचा दिवस ठरवलाय. पावसाळा झालेला आहे गं, चार महिने मातीत. ती कशी दिसेल आणि त्यातून तो काय समजेल? जे दिसेल ते घेऊन तो उरलेलं आयुष्य काढणार आहे.

त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं, एवढं मला कळव. तिने येऊन दोन शब्द सांगितले तरी पुरे.

ज्योत्स्ना

*

इंदिरानगर, नाशिक
२६ डिसेंबर २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

घाईत लिहितेय. त्या दिवसाच्या सिस्टर आता वॉर्डात नाहीत, सोडून गेल्या. त्यांना कुठे शोधणार?

सोबत हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र जोडलंय. 'सदर नोंद ही लेखनातील चूक आहे' असं स्पष्ट लिहून सही-शिक्का घेतलाय. बाबांना शिक्का दाखव, जुन्या माणसांना शिक्क्याने बरं वाटतं. फेब्रुवारीत आमच्याकडे मोठी तपासणी आहे, दीड हजार फायली पूर्ण करायच्यात. त्यात हे वाढवू नकोस, माझ्यावर एवढे उपकार कर.

इकडे थंडी भयंकर आहे. काळजी घे.

उज्वला

*

वाघदरी पाडा
३१ डिसेंबर २०२४

उज्वला,

शिक्क्याचं पत्र परत पाठवतेय. तो त्याच्यावर बोट फिरवत म्हणाला, "हा तिसरा कागद."

सिस्टर सोडून गेली म्हणतेस. मग तिचा इंग्रजी आठ तुझ्यासारखा का? अख्ख्या होस्टेलात दोन सुटे गोल एकावर एक ठेवून आठ काढणारी तू एकटी होतीस. बारावीला तुझ्या वह्यांवरून मी पास झाले, तुझं अक्षर मला अंधारात ओळखू येईल. '१०८' वाचतानाच ओळखलं होतं. तेव्हाच बाबाला म्हणालेसुद्धा, अक्षर छान आहे, चांगली बाई असेल.

पहिल्या पत्रात मी गप्प बसले, कारण मला वाटलं तूच सांगशील. दुसऱ्यात ड्यूटीवर कोण होतं म्हणून विचारलं, ते तुला दार उघडून दिलं होतं. तू तिसरीच वाट धरलीस.

मी तुझ्यावर चिडलेय, आणि मला तुझी काळजीही वाटतेय. दोन्ही खरं आहे. तुमची तपासणी फेब्रुवारीत आहे. आमची पौर्णिमा तेरा जानेवारीला आहे.

ज्योत्स्ना

*

इंदिरानगर, नाशिक
५ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

हे पत्र तीनदा फाडलं. पोस्टाने नको, म्हणून सुरगाण्याच्या जीपवाल्याच्या हाती देतेय.

तो ठिपका माझा आहे. सहाचा ठिपका मी दोनला काढला.

तुला आमच्या कामाची रीत सांगते. दुपारची ड्यूटी दोन ते आठ. चारला भेटायची वेळ सुरू होते, मग डबे, नातेवाईक, भांडणं, सलाइन संपल्याच्या हाका, या सगळ्यात सहाचा चार्ट भरायला माणूस उरत नाही. म्हणून दोनला ताप-नाडी लिहितानाच सहाचंही अंदाजाने लिहून ठेवायचं. ताप जरा उतरवायचा, नाडी जरा कमी करायची, पट्टी लावून रेघ ओढायची. हे मला माझ्या सीनियरने शिकवलं आणि मी पुढच्या मुलींना. माझे चार्ट कधी रिकामे दिसायचे नाहीत. ते प्रशस्तिपत्र त्याचंच आहे, ज्योत्स्ना. आता ते भिंतीवरून काढलंय, तिथे चौकोन तेवढा पांढरा दिसतो.

पूजा गेली तेव्हा चार्टवर सहाचं आधीच लिहिलेलं होतं. खोडायला हवं होतं. पण जीप खाली उभी होती, कागद पटापट बांधले आणि फाइल वरती गेली. नोव्हेंबरात मी रेकॉर्डला आले, ती फाइल तपासायला माझ्याच टेबलावर आली. मी पानं मोजली, सगळे रकाने भरलेले बघितले आणि 'पूर्ण' असा शिक्का मारला. तुला झेरॉक्स काढून दिल्या तेव्हाही पान बघितलं नाही. नाव बघून वाईट वाटलं, एवढंच.

पण मला खातंय ते निराळंच. सहाचं लिहून झाल्यामुळे त्या कॉटकडे माझं काम उरलं नव्हतं. साडेतीनला मी चौदा नंबरवरून पुढे गेले, पंधराचं सलाइन बदललं. तिच्याकडे वळून बघितलं की नाही, आठवत नाही. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, हात गार पडतात, नाडी बारीक होते. हात धरला असता तर कळलं असतं. कदाचित कळूनही काही झालं नसतं. पण मी कागदावर तिला सहापर्यंत बरी करून ठेवली होती आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. आता रोज सहा वाजले की माझी बोटं गार पडतात. ह्यांना वाटतं थंडीने.

फाइलमध्ये आता खाडाखोड करता येत नाही. म्हणून मी वेगळा जबाब लिहून, सही करून, काल सुपरिंटेंडेंट मॅडमच्या हातात दिला. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. पुढे काय होईल ते होईल. त्याची एक प्रत सोबत आहे.

बाबांना सांग, पूजा चार वीसलाच गेली. जीपमध्ये ती नव्हती. उकरू नका म्हणावं, चूक जमिनीत नाही, माझ्या हातात आहे.

उजू

*

वाघदरी पाडा
८ जानेवारी २०२५

प्रिय उजू,

काल संध्याकाळी वाचून दाखवलं. जबाब नाही, तुझं पत्रच. तुझी परवानगी न घेता वाचलं, दिसलं की वाचायची माझी खोडच आहे. चिमणाबाई पण येऊन बसली होती. 'दोनला काढला' हे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं.

 मला वाटलं सुटला बिचारा. सहा वाजून गेले तरी ओढ्याकडे गेला नाही. चिमणाबाई उठून चूल पेटवायला गेली आणि मी कागद घडी करून ठेवायला लागले, तेव्हा त्याने विचारलं.

"सहाला बाईने तिचा हात नव्हता धरला?"

"नाही बाबा."

"मग दोनला तरी धरला होता का?"

उजू, तुझ्या पत्रात मला याचं उत्तर सापडलं नाही. मी म्हटलं, विचारते. तो म्हणाला, "कागदावर नको. तिला ये म्हनावं. आन आली की उकरायचं बघू."

रविवार बारा तारीख आहे. सकाळची एसटी साडेदहाला फाट्यावर येते, मी घ्यायला उभी राहीन.

तुझी,
ज्योत्स्ना

*

इंदिरानगर, नाशिक
१४ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

नीट पोचले. आज संक्रांत, घरात तिळाचा वास आहे आणि मी ड्यूटीवरून येऊन टेबलाशी बसलेय. तू चहा ठेवायला आत गेलीस, तेवढ्या वेळात ओट्यावर काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. एसटीच्या घाईत नीट बोलता आलं नाही.

बाबांनी मला समोर पाटावर बसवलं. रागावले नाहीत, मला वाटलं होतं रागावतील, तेच बरं झालं असतं. म्हणाले, "सांग."

मी येताना रस्ताभर तेच आठवत होते. मी म्हटलं, पूजाची नखं काळी-हिरवी होती, टोमॅटोच्या झाडाचा डाग. ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्या नखावर चालेना, म्हणून मी कापसाने बोट पुसलं. तिने 'साबणानं पण जात नाय' म्हणून हात मागे ओढला होता, लाजली होती. हे दोनलाच, मी ड्यूटीवर आले तेव्हाचं. म्हणजे हात मी धरला होता.

त्यांनी मान हलवली. "काळीच व्हती. आंगोळ घालताना आम्ही बी घासली. नाय गेली." मग विचारलं, "किती वेळ धरला?"

ज्योत्स्ना, मला खोटं बोलता आलं असतं. ते सोपं होतं आणि त्यांना बरंही वाटलं असतं. पण मी सांगितलं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते. आम्ही पाव मिनिट मोजतो आणि चारने गुणतो. माझे सगळे आकडे चारने भागले जातात, पूजाचा ११२ सुद्धा. अंदाजाने लिहिलेला १०८ पण, हातालाच तशी सवय झालेली. म्हणजे दोनला मी तिचा हात पंधरा सेकंद धरला, त्याहून जास्त नाही.

 बाबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे केला. "धर. पुरा धर."

मी घड्याळ बघितलं आणि धरला. तीस वर्षं नोकरी झाली, एक मिनिट इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. कोंबड्या अंगणातून गेल्या, तू आत कप विसळत होतीस, चिमणाबाई दारात येऊन उभी राहिली. त्यांचा हात खरखरीत आहे आणि अंगठ्याच्या मुळाशी जुना कोयत्याचा वळ आहे. पाव मिनिट झालं तेव्हा माझी बोटं सवयीने सुटायला लागली, तर त्यांनी दुसऱ्या हाताने ती तिथेच दाबून ठेवली. मी रडत होते. मोजणं चुकू नये म्हणून रडू आवरत होते, आणि ते माझ्याकडे न बघता ओढ्याकडे बघत होते.

मिनिट झाल्यावर म्हणाले, "एवढा वेळ कोनी तिला धरली असती तर, मंग गेली असती तरी चाललं असतं."

नंतर जीपचं बोलले. मी म्हटलं, बाबा, तो रस्त्याचा हादरा होता. ते म्हणाले, "तू कुठं व्हतीस जीपमधी?" ते खरंच आहे. ते मी कोणत्याच कागदावर लिहून देऊ शकत नाही. सोबत आणलेली कुदळ मात्र मी उठायच्या आधी त्यांनी चिमणाबाईच्या हातात दिली, चंदरची चंदरला देऊन टाक म्हणाले. तू चहा घेऊन आलीस तेव्हा ती आडोशाला ठेवत होती, ते तू बघितलंस.

वॉर्डात मला परत पाठवलंय, चौकशी संपेपर्यंत. शिक्षा म्हणून. मुलींना मी सहाचं सहाला लिहायला लावते. त्या माझ्यावर वैतागतात, चार्ट अर्धे रिकामे राहतात, इंचार्ज ओरडते. चौदा नंबरवर सध्या एक म्हातारी आहे. काल सहाला तिचा हात धरला आणि मिनिटभर मला वाटत राहिलं, कुणीतरी खालून जमिनीला कान लावून ऐकतंय.

एक राहिलं. निघताना बाबा म्हणाले, "आता लिव." माझ्याकडे दुसरा कागद नव्हता, म्हणून पूजाच्या चार्टच्या झेरॉक्सच्या मागे लिहिलं. त्यांचं नाव, बारा जानेवारी, सकाळी अकरा चाळीस, नाडी एकाहत्तर. एकाहत्तरला चारने भाग जात नाही. ती झेरॉक्स तुमच्या देव्हाऱ्याच्या फळीवर त्यांनी ठेवली आहे, दिसली तर वाचू नकोस, आहे तिथेच राहू दे.

तुझी,
उजू